पिशवीवरचा शिक्का

गंजगोलाईच्या मागच्या बोळात माझं ऑफिस आहे. खाली भुसाराचं दुकान, वर मी. ट्रेडमार्कचं, म्हणजे मालाचं नाव कायद्यानं नोंदवून द्यायचं, काम करतो म्हटलं की लातुरात अजूनही निम्म्या लोकांना ते गाडीच्या नंबरप्लेटसंबंधी काहीतरी वाटतं.

एका शुक्रवारी दुपारी औसा तालुक्यातला एक पोरगा आला. मागोमाग त्याची आई, हातात कापडी पिशवी. त्यानं टेबलावर चकचकीत पाऊच ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात ‘मराठवाडा येसर’ आणि कोपऱ्यात गोलातला आर.

“सर, पंधरा हजार छापल्यात. आता एवढं नाव आपल्या नावावर करून द्या.”

“हा गोलातला आर कुणी टाकायला सांगितला?”

“प्रिंटरनं टाकलाय. सगळेच टाकतेत की.”

सगळेच टाकतात, हे खरं. पण तो आर म्हणजे ‘नोंदणी झाली आहे’ असं लोकांना सांगणं. नोंदणी नसताना तो छापणं कायद्यात बसत नाही. साधं टीएम, म्हणजे ‘हे नाव आमचं’ एवढा नुसता दावा, चालतं, ते कुणीही लावावं. पोराचा चेहरा तिथंच उतरला. तरी त्यानं फाइल उघडली. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, फूड लायसन्स, सगळं नीट लावलेलं. एवढे कागद झाले म्हणजे नावाला कुलूप लागलं, अशी त्याची समजूत. यातला एकही कागद ब्रँडचं नाव राखत नाही. अगदी कंपनी काढून तिचं नाव मंजूर करून घेतलं तरी तो ट्रेडमार्क होत नाही. उद्यमचा उपयोग एवढाच की फर्म किंवा कंपनीच्या नावानं केलेल्या अर्जाची ऑनलाइन फी दर वर्गाला, म्हणजे मालाच्या दर गटाला, 9,000 ऐवजी 4,500 पडते.

आणि ‘मराठवाडा येसर’ मिळणं तर अवघडच. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो, येसर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. लग्नाच्या पंगतीत त्याची आमटी नसली तर आमच्याकडं वऱ्हाडी नाव ठेवतात. हा शब्द सगळ्यांचा, मराठवाडाही सगळ्यांचा. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं नववं कलम नेमकं हेच अडवतं. माल काय आहे नि कुठला आहे एवढंच सांगणारं नाव एकट्याला देत नाहीत. पोराचा पुढचा बेत ‘वसमत हळद’ विकायचा होता. त्या नावाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तेही कुणा एकाच्या मालकीचं होत नाही. ते वापरायचं तर त्या भागातली हळद हवी आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

“बरं, गावात तुमचा माल लोक काय म्हणून मागतात?”

पोरगा गप्प. त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, पदराआड हसल्या. “ते नगं सांगू, साहेबाला हसू यील.”

ते त्यांचं माहेरचं टोपणनाव होतं. इथं देत नाही, पण तीन अक्षरी, जरा गमतीशीर आणि येसरशी काडीचाही संबंध नसलेलं. माझ्या धंद्यात असं नाव म्हणजे सोनं. पोराला नेमकी त्याचीच लाज वाटत होती, पॅकिंगवर गावंढळ दिसतं म्हणून.

मी लगेच ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध घेतला. वर्ग 30, मसाले आणि पिठं. मराठी नाव रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिता येतं, म्हणून उच्चारावरूनही शोधायचं असतं. तिसऱ्या खेपेला ते नाव स्क्रीनवर आलं. अर्ज शेजारच्या गावातल्या एका व्यापाऱ्याचा. 2019 पासून वापरतोय असं त्यानं लिहिलेलं. रजिस्ट्री असे अर्ज लोकांच्या हरकतींसाठी ज्या जर्नलमध्ये छापते, त्यात छापूनही आलेलं. पोरानं नाव वाचलं आणि म्हणाला, “हा तर आपलाच माल न्यायचा!”

मावशी पुढं सरकल्या. “माझंच नाव इकायलाय का त्यो?”

जर्नल दर सोमवारी निघतं आणि हरकत घ्यायला चार महिने मिळतात. ही मुदत वाढत नाही. मी तारखा मोजल्या तर शेवटचा दिवस मंगळवार. ती चुकली असती तर नोंदणीनंतरही दाद मागता आली असती, पण ते रामायण वेगळं. वर्षं जातात.

“तुम्ही हे नाव कधीपासून वापरता? कागद काय आहे?”

मावशींनी पिशवी पालथी केली. सिद्धेश्वर यात्रेतल्या स्टॉलची 2014 ची पावती. साध्या प्लॅस्टिकच्या काही पिशव्या, त्यांवर त्याच नावाचा जांभळा रबरी शिक्का, अर्धा फिसकटलेला. आणि पोराची शाळेतली जुनी शंभरपानी वही. पानांना तेलाचे डाग, हिंगाचा वास. त्यात 2016 च्या दिवाळीतलं एक पान होतं. वर तोच शिक्का, खाली ‘40 किलो येसर मिळाली’ आणि त्याच्याखाली त्या व्यापाऱ्याची सही. त्याच्या अर्जातली सही शेजारी धरली. ‘र’ची शेपटी तशीच.

मी ते पान दोनदा वाचलं. असा कागद पक्षकाराच्या हातातून सहसा येत नाही. नोंदणी आधी कुणाची यापेक्षा वापर आधी कुणाचा हे वरचढ, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडई हलवा’च्या खटल्यात सांगितलंय. पण आधीचा वापर सिद्ध करायला वही लागते, आणि ती बहुतेकांनी रद्दीत घातलेली असते.

शनिवार-रविवार मसुद्यात गेले. सोमवारी हरकत दाखल केली, फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन फी 2,700. त्याच दिवशी मावशींचा स्वतःचा अर्जही, वापराच्या प्रतिज्ञापत्रासह. तिथं घोडं अडलं. आधारवर सासरचं नाव, शिक्क्यावर माहेरचं. मग ‘उर्फ’ घालून दोन्ही एकाच बाईची नावं असल्याचं एक वाक्य घातलं. नोटरीनं वाचून चष्मा काढला, मावशींकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत व्यापाऱ्यानं उत्तर द्यायला हवं होतं. त्यानं दिलं नाही. उत्तर नाही म्हणजे अर्ज सोडला असं कायदा धरतो. आमचा अर्ज अजून रांगेत आहे. नवीन पाऊचवर मावशींचं नाव मोठं आहे, बाजूला बारीक टीएम, आणि ‘येसर’ खाली लहान अक्षरात.

ते पंधरा हजार पाऊच माळ्यावर पडून आहेत. आर झाकायला स्टिकर लावून विकू का, असं पोरगा दर महिन्याला फोनवर विचारतो.