क्लाइव्हडेनला जायचं तर दोन रात्री

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या उमरावी घरात, क्लाइव्हडेनसारख्या आता हॉटेल झालेल्या वाड्यात, राहायचं ठरलं की बहुतेक जण एकच रात्र घेतात. भाडं बघता ते स्वाभाविक आहे. पण जरा हिशेब मांडून बघा. अशा घरांमध्ये खोली हातात येते दुपारी तीन-चारला आणि सोडायची असते सकाळी अकराच्या सुमारास. म्हणजे जेमतेम वीस तास. त्यातले आठ झोपेचे, दोन चहाचे, अडीच रात्रीच्या जेवणाचे, नाश्ता आणि आवराआवरीचे आणखी दोन. उरतात पाच-सहा, आणि हिवाळा असेल तर तेही अंधारातले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. तुम्ही बॅग खाली ठेवेपर्यंत बाहेर काळोख.

म्हणून शनिवारच्या एका रात्रीला जो खर्च येईल, त्यात रविवार-सोमवारच्या दोन रात्री बसतात का, ते आधी बघा. जानेवारी-फेब्रुवारीत आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत भाडी उतरतात. शिवाय शनिवारी लग्नाची पार्टी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पूर्ण घर घेतलं असेल तर प्रश्नच मिटला, पण अर्धं घेतलं असेल तर मोठ्या दालनात तुम्हाला बसायला मिळेलच असं नाही. बुकिंगपूर्वी तेवढं विचारून घ्यावं.

बकिंगहॅमशरमध्ये, टॅपलो गावाजवळ, टेम्सच्या काठावरच्या उंचवट्यावर क्लाइव्हडेन हाउस उभं आहे. बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याने इथे सतराव्या शतकात पहिलं घर बांधलं. ते १७९५ मध्ये जळालं. पुन्हा उभारलेलं १८४९ मध्ये जळालं. आज दिसतं ते तिसरं घर १८५१ चं, आणि त्याचा वास्तुविशारद चार्ल्स बॅरी, म्हणजे लंडनची संसदेची इमारत ज्याच्या नावावर आहे तोच. पहिल्या घराचं जोतं मात्र अजून शाबूत आहे. दक्षिणेकडे, नदीच्या बाजूला, विटांची ४०० फूट लांब आणि २० फूट उंच अशी गच्ची आहे, तिच्यावरच हे घर उभं आहे. समोरून गाडीने येणाऱ्याला ती दिसतच नाही. घराला वळसा घालून खाली बागेत उतरायचं आणि मागे वळून बघायचं, तेव्हा कुठे घराची खरी उंची कळते. तिथूनच वर छताखालच्या पट्टीकडे बघा. घराच्या चारही बाजूंनी लॅटिन अक्षरं फिरली आहेत. तो मजकूर ग्लॅडस्टनने रचलेला आहे, तोच ग्लॅडस्टन जो पुढे चार वेळा पंतप्रधान झाला.

१८९३ मध्ये अमेरिकन धनाढ्य विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर याने हे घर विकत घेतलं आणि १९०६ मध्ये मुलाला लग्नाचा आहेर म्हणून दिलं. सून नॅन्सी ॲस्टर १९१९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसणारी पहिली स्त्री ठरली. १९४२ मध्ये कुटुंबाने घर आणि जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली. हॉटेल सुरू झालं ते १९८५ पासून. हा तपशील राहणाऱ्याच्या कामाचा आहे, कारण मालक ट्रस्ट आहे आणि हॉटेल भाडेकरू. घराभोवतीची ३७६ एकर जमीन आणि बागा दिवसा तिकीट काढून येणाऱ्यांना खुल्या असतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी एक वाजता समोरच्या बागेत तुम्हाला जत्रा दिसेल. फाटक बंद झाल्यावर आणि सकाळी ते उघडण्याआधी मात्र ही सगळी जागा राहणाऱ्यांची. एका रात्रीत अशी एकच संध्याकाळ आणि एकच सकाळ मिळते, त्यात पाऊस लागला तर तीही गेली.

आता खोली. इथे खोल्यांना नंबर नाहीत, या घराशी जोडलेल्या माणसांची नावं आहेत. नावाला भुलू नका, जागा विचारा. हे घर पाहुण्यांकडून भाडं घेण्यासाठी बांधलेलं नव्हतं. मालक, त्यांचे पाहुणे, मुलं आणि नोकर यांच्यासाठी उतरंडीने बांधलेलं होतं, आणि ती उतरंड भिंतींमध्ये अजून आहे. अशा घरांत खालच्या मजल्यांवरच्या खोल्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या असतात. वरच्या मजल्यावर छत खाली येतं, खिडक्या लहान होतात, कारण तिथे मुलं आणि नोकर झोपत. बाजूच्या इमारतींतल्या खोल्या प्रशस्त असू शकतात, पण जेवायला जाताना पावसात बाहेरून चालावं लागेल. सगळ्यात स्वस्त वर्गातली खोली कुठेही मिळू शकते. म्हणून ईमेलमध्ये सरळ चार गोष्टी विचाराव्यात: मुख्य घरात आहे का, कितव्या मजल्यावर, लिफ्ट दारापर्यंत जाते का, आणि खिडकी दक्षिणेला बागेकडे आहे की उत्तरेला गाड्या येतात त्या अंगणाकडे. सोबत आई-वडील असतील तर लिफ्टचा प्रश्न सगळ्यात आधी. पुष्कळ जुन्या घरांत लिफ्ट एका जिन्यापाशी असते आणि तिथून खोलीपर्यंत तीन-चार पायऱ्या चढाव्याच लागतात. पलंगही विचारा. दोन पलंग जोडून मोठा केलेला असेल तर मागणी केल्यावर तो वेगळा करून मिळतो. मित्र किंवा मायलेकी जात असतील तर हे उपयोगी पडतं.

क्लाइव्हडेन ग्रेड वन दर्जाची संरक्षित इमारत आहे. इंग्लंडमधल्या नोंदलेल्या इमारतींपैकी साधारण अडीच टक्केच या दर्जाच्या आहेत. इथे परवानगीशिवाय खिडकीची काचसुद्धा बदलता येत नाही. त्यामुळे अशा घरांत उन्हाळ्यात एसीची अपेक्षा धरू नये, आणि खिडकी नीट उघडता येणं हेच थंडाव्याचं साधन समजावं. या खिडक्या वर-खाली सरकतात. चौकटीच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजनं लटकलेली असतात, त्यांच्या तोलावर तावदान उचललं जातं. आधी मधल्या जोडावरची पितळी कडी पूर्ण फिरवा. मग खालच्या तावदानाला दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना सारखा जोर देऊन उचला. एकाच बाजूने ओढलं की तावदान तिरकं होऊन अडकतं, आणि हिसका दिला की दोरी तुटते. उकडत असेल तर नुसतं खालचं उघडू नका. वरचं तावदानही चार बोटं खाली ओढा. गरम हवा वरून बाहेर जाते, गार हवा खालून आत येते. काही खिडक्या वर्षानुवर्षांच्या रंगाने चिकटलेल्या असतात, तिथे झटापट न करता माणूस बोलवावा.

खिडकीच्या खोबणीत लाकडी घडीच्या झडपा असतील तर जून-जुलैत झोपताना त्या आठवणीने लावा. तिथे जूनमध्ये पावणेपाचला उजाडतं आणि रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो. भारतातून आदल्या दिवशी आलेल्या माणसाची झोप त्या उजेडाने पार मोडते.

न्हाणीघराबद्दल एकच गोष्ट नीट सांगावीशी वाटते, कारण आपल्या माणसांकडून चूक तिथेच होते. इंग्लंडमधल्या बाथरूमला मोरी नसते. जमीन बहुधा लाकडाची, वर फरशी, आणि पाणी जायला वाट फक्त टबातून. पडदा टबाच्या आत न घेता आंघोळ केली, किंवा मगाने बाहेर पाणी घेतलं, तर ते फटींतून खाली उतरतं, आणि खाली असतं दुसऱ्या खोलीचं जुनं नक्षीदार छत. जेट स्प्रे मिळेल असं धरू नका. जुन्या नळकोंडाळ्यात गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे दिसले तर नवल नाही. गार पाणी थेट जलवाहिनीतून आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं, दोन्ही मिसळू नयेत म्हणून ती सोय होती. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, आपल्याकडचा गोल पिनांचा बसत नाही. बाथरूममध्ये असलाच तर फक्त दाढीच्या मशीनचा सॉकेट असतो. आणि खोलीत उदबत्ती किंवा निरांजन लावायचं नाही. धूर ओळखणाऱ्या यंत्राला धूप आणि आग यांतला फरक कळत नाही, मध्यरात्री सगळं घर अंगणात उभं राहतं. दोनदा जळालेल्या घरात ही सक्ती योग्यच आहे.

खाण्याकडे वळू. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘हाय टी’ लिहितात ते थाटाच्या अर्थाने. इंग्लंडमध्ये हाय टी म्हणजे कामकऱ्यांचं संध्याकाळचं भरपेट जेवण होतं. तुम्हाला हवा असतो तो आफ्टरनून टी, आणि त्याचं टेबल बुकिंगच्या वेळीच राखून ठेवावं, कारण नुसते चहासाठी येणारेही खूप असतात. तीन मजली तबक येतं, खाण्याचा क्रम खालून वर: सँडविच, मग स्कोन म्हणजे पावासारखा छोटा जाड केक, मग गोड. स्कोन सुरीने कापू नये, हाताने मधोमध उकलावा. त्यावर जॅम आणि क्लॉटेड क्रीम. हे क्रीम म्हणजे आपल्या सायीची सख्खी बहीण. मलईचं दूध मंद तापवून सावकाश निववतात, वर पिवळसर कवच धरतं, आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असतो. कॉर्नवॉलवाले आधी जॅम लावतात, डेव्हनवाले आधी क्रीम. चारला हा चहा घेतला तर साताचं जेवण कोणालाही जात नाही. टेबल साडेआठचं घ्या, किंवा चहा एका दिवशी आणि मोठं जेवण दुसऱ्या दिवशी. दोन रात्रींचा आणखी एक फायदा.

शाकाहारी मंडळींनी ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहून थांबू नये. तिथे त्या शब्दात अंडं धरलेलं असतं. अंडं नको असेल तर वेगळं लिहा, कारण स्कोनवर चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवलेला असतो. रविवारच्या रोस्टबरोबरचे, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणातले, बटाटे बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत भाजलेले असू शकतात, यॉर्कशर पुडिंग गोमांसाच्या चरबीत. पानाकोटा या गोड पदार्थात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण, वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे. नाश्त्याच्या ताटात गोल काळी चकती दिसली तर ती डुकराच्या रक्ताची. हे सगळं किमान दोन दिवस आधी लेखी कळवलं तर स्वयंपाकघर मनापासून वेगळं काहीतरी करतं. टेबलावर बसून सांगितलं तर बीट आणि गोट चीज समोर येतं.

बिलात सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते ऐच्छिक आहे का विचारा. ते दिलं असेल तर वर टिप देण्याची गरज नाही. पोशाखात साडी, कुर्ता, सलवार-कमीझ सगळं शोभतं. चपला मात्र सपाट हव्यात, अंगणातल्या खडीत टाचा रुततात.

मोठ्या दालनात पाऊण तास तरी निवांत बसा. शेकोटीची दगडी चौकट सोळाव्या शतकातली, फ्रान्समधून आणलेली. तिच्या बाजूला जॉन सिंगर सार्जंटने रंगवलेली नॅन्सी ॲस्टर आहे, पाठ वळवून खांद्यावरून बघणारी. १९३० च्या दशकात इथे जमणाऱ्या राजकारण्यांना ‘क्लाइव्हडेन सेट’ हे नाव पडलं. त्यांतले लॉर्ड लोथियन १९३२ च्या भारतीय मताधिकार समितीचे अध्यक्ष होते, आणि त्याच समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. बाबासाहेबांनी आपलं स्वतंत्र टिपण जोडलं होतं. शेजारच्या फ्रेंच डायनिंग रूमची भिंतींवरची सोनेरी कोरीव लाकडी फळ्यांची सजावट पॅरिसजवळच्या आस्निएर इथल्या शातोमधून, म्हणजे हवेलीतून, आली आहे. ती खोली खासगी जेवणासाठी दिलेली नसेल तर कर्मचारी दाखवतात. कोरीव कामात ससे आणि शिकारी कुत्रे शोधा.

पोहोचणं सोपं आहे. हीथ्रोहून गाडीने अर्धा तास पुरतो. रेल्वेने यायचं तर एलिझाबेथ लाइनवर हेज अँड हार्लिंग्टनला गाडी बदलायची आणि रेडिंगच्या दिशेने निघायचं. टॅपलो सगळ्यात जवळचं स्टेशन, पण बाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही. सामान असेल तर एक स्टेशन पुढे मेडनहेडला उतरा. याच परिसरातल्या स्टोक पार्कची चौकशी अजून बरेच जण करतात. ते २०२१ मध्ये रिलायन्सने ५.७ कोटी पौंडांना घेतलं आणि त्याच वर्षी तिथलं हॉटेल बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघा. गच्चीवरून खाली बागेत, तिच्या टोकापर्यंत, आणि तिथून झाडीतल्या पायऱ्यांनी टेम्सच्या काठाला. उतरताना गंमत वाटते, चढताना शंभराहून जास्त पायऱ्या आहेत हे लक्षात येतं. गुडघे दुखणाऱ्यांनी बागेच्या टोकालाच थांबावं, नदीचं वळण तिथूनही दिसतं. काठाला स्प्रिंग कॉटेज लागेल. १९६० च्या सुमारास लंडनचा ऑस्टिओपॅथ (हाडं-सांध्यांवर उपचार करणारा) स्टीव्हन वॉर्ड भाड्याने राहायचा ते हेच, आणि १९६१ च्या जुलैत ब्रिटिश मंत्री जॉन प्रोफ्युमो आणि वॉर्डची तरुण पाहुणी क्रिस्टीन कीलर यांची, पुढे मोठं राजकीय प्रकरण झालेली, गाठ पडली तो पोहण्याचा तलाव वर घराजवळच्या भिंतीआडच्या बागेत आहे. पाणी तापवलेलं असतं. नाश्त्याच्या आधी गेलात तर बहुधा तुम्ही एकटेच असाल.