पट्टीशिवाय गेऑर्ग मोरच्या वाटेने: एक घाट सोडला तर सोपी

'पट्टी-कंपासने होणारी प्रत्येक रचना नुसत्या कंपासने होते' या एका वाक्यावर विसंबून निघू नका. वाक्य खरं आहे. कोपनहेगनचा गणितज्ञ गेऑर्ग मोर याने ते १६७२ मध्ये आम्स्टरडॅमला छापलेल्या 'यूक्लिडेस डॅनिकस'मध्ये दाखवलं. पुस्तक विस्मरणात गेलं, १७९७ मध्ये इटलीच्या मास्केरोनीने तेच छापलं आणि श्रेय त्याला मिळालं. मोरचं पुस्तक पुन्हा छापलं गेलं ते थेट १९२८ मध्ये. पण 'होते' आणि 'सहज होते' यांत फरक आहे.

शाळेच्या कंपासपेटीतला सैल कंपास बाद. आडव्या स्क्रूचा घ्या, कागदाखाली पुठ्ठा ठेवा.

षटकोन, चौरस: मजेत होतात, पुढे चला.

अब या रेषाखंडाचा मध्य सात वर्तुळांत मिळतो. पण शेवटची दोन वर्तुळं जेमतेम २९ अंशांत छेदतात. अब ४ सेंमी असताना त्यांची त्रिज्या अर्धा मिमी वाढली, तर मध्य जवळजवळ दोन मिमी सरकतो.

खरा घाट म्हणजे अब आणि कड या रेषांचा छेदनबिंदू क्ष. रेषा काढायच्याच नाहीत, चार बिंदू म्हणजेच दोन रेषा. अ आणि ब केंद्र धरून क मधून जाणारी वर्तुळं काढा. ती पुन्हा भेटतात तिथे क′. तसाच ड′. मग कक′ड′फ हा समांतरभुज चौकोन पुरा करा: क पासून क′ड′ च्या आणि ड′ पासून कक′ च्या त्रिज्येने कंस मारा; दोन छेदांपैकी डड′ च्या ओळीतला तो फ. आता डफ : डक :: डड′ : डक्ष, म्हणजे दोन्ही जोड्यांचं गुणोत्तर एकच.

हे चौथं पद, म्हणजे डक्ष ची लांबी, काढतानाच दमछाक होते. डफ आणि डक त्रिज्यांची समकेंद्री वर्तुळं काढा. डफ च्या वर्तुळात डड′ एवढी जीवा बसवा. तिच्या दोन्ही टोकांपासून एकाच त्रिज्येने, एकाच दिशेने दुसऱ्या वर्तुळावर खुणा करा. त्यांच्यातलं अंतर म्हणजे डक्ष. एक खूण उलट्या बाजूला गेली की सगळं वाया. रेषा समांतर होत आल्या असतील तर डफ इतका लहान होतो की जीवा बसतच नाही; मग डफ आणि डक दोन्ही सारख्याच पटीत वाढवा. कड अब ला लंब असेल तर ही वाट बंदच.

शेवटी ड आणि ड′ पासून डक्ष च्या त्रिज्येने कंस मारा; दोन छेदांपैकी कड च्या ओळीतला तो क्ष. पडताळायला पट्टी लावायचीच तर कड वर लावा. अब वर तो बिंदू चुकीच्या त्रिज्येनेही येतो.