देवगिरीसमोर चार रंग

तैलरंगात केलेले माझे देवगिरीचे पहिले निसर्गचित्र दीड वर्षाच्या आत तडकले. आकाशाच्या भागावर बारीक भेगांचे जाळे पसरले आणि कारण शोधू लागल्यावर ध्यानात आले, की दोष रंगांचा नव्हता, मी चढवलेल्या थरांच्या क्रमाचा होता. खालचा थर मी भरपूर तेल घालून लावला होता आणि तो पुरता वाळण्याआधीच त्यावर टर्पेंटाईनने पातळ केलेला रंग ओढला होता. तैलरंग जलरंगासारखा नुसता सुकत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि तेल जितके जास्त, तितका हा काळ लांबतो. माझ्या चित्रात वरचा रूक्ष थर आधी कडक झाला, खालचा स्निग्ध थर मात्र हलत राहिला आणि वरचा फाटला. तेव्हापासून पहिला थर टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेला आणि पुढचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा तेलकट, हा क्रम मी एकदाही मोडलेला नाही.

जवस आणि करडई ही दोन्ही आपल्या मराठवाड्याच्या रब्बीतली ओळखीची पिके, आणि दोन्हींचे तेल चित्रकाराच्या उपयोगाचे आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. जवसाच्या तेलाचा पापुद्रा मजबूत होतो, पण काळाबरोबर तो पिवळसर पडतो. करडईचे तेल कमी पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या रंगाच्या अनेक ट्यूबांमध्ये तेच वापरलेले असते, जरी ते वाळायला अधिक वेळ घेते. तरीही स्वयंपाकघरातले किंवा घाण्यावरचे तेल रंगात मिसळू नये, असेच मी सांगेन. घाण्याच्या तेलात चिकट अंश राहतात, आणि खाण्याच्या करडई तेलाचे काही प्रकार असे असतात, की ते नीट वाळतच नाहीत. चित्रकारांसाठी शुद्ध केलेल्या तेलाची लहान बाटली पुष्कळ दिवस पुरते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने बारा किंवा चोवीस ट्यूबांचा संच घेऊ नये. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) एवढ्या चार ट्यूबांत मराठवाड्यातले बहुतेक निसर्गचित्र उभे राहते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना सारख्या प्रमाणात मिसळले, की जवळजवळ काळा रंग मिळतो. त्यात निळा थोडा वाढवला तर बेसॉल्टच्या कड्याची सावली होते, सिएना वाढवला तर तोच कडा उन्हात येतो, आणि पांढरा घालत गेले, की राखाडीच्या कितीतरी छटा निघतात. ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून येणारा मळकट हिरवा बाभळीला आणि धूळ बसलेल्या कडुलिंबाला जितका शोभतो, तितका ट्यूबमधला तयार हिरवा कधीच शोभत नाही. चैत्रातल्या कडुलिंबाच्या कोवळ्या पालवीसाठी मात्र लेमन यलो लागतो, आणि फाल्गुनात पळस फुलला, की या चार रंगांची मर्यादा उघड होते. त्या केशरी ज्वाळेसाठी कॅडमियम ऑरेंज घ्यावाच लागतो.

काळ्या जमिनीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे मी स्वतः वर्षानुवर्षे चुकलो. निसर्गचित्रात आकाश सर्वांत उजळ, त्यानंतर सपाट जमीन, मग डोंगरउतार आणि उभी झाडे सर्वांत गडद, असा ढोबळ क्रम शिकवला जातो, आणि तो साधारणपणे खराही आहे. पण पहिल्या पावसाने भिजलेले वखरलेले रान समोरच्या झाडाच्या उन्हातल्या बाजूपेक्षा गडद असते, तर वैशाखात भेगाळलेली तीच जमीन राखेसारखी फिकी दिसते. काळी माती म्हणून सवयीने काळा रंग लावला, तर चित्रातले ऊन विझते. डोळे किलकिले करून पाहावे आणि जी छटा दिसते तीच लावावी.

अंतराचेही तसेच आहे. दूरचे डोंगर निळे रंगवावेत हा नियम पावसाळा संपल्यावर, हवा धुऊन निघालेली असताना, येथेही लागू पडतो, कारण स्वच्छ हवा निळा प्रकाश अधिक विखुरते. एप्रिल-मेमध्ये हवेत धुळीचे मोठे कण तरंगत असतात; त्यांच्यातून देवगिरीमागच्या टेकड्या निळ्या नव्हे, तर फिकट, पिवळसर करड्या दिसतात. तेव्हा त्या मिश्रणात अल्ट्रामरीन कमी आणि पांढऱ्यासोबत ऑकर अधिक घालावा. दूरच्या कडा कोरड्या ब्रशने मऊ कराव्यात.

उघड्यावर बसल्यावर प्रकाश दीड-दोन तासांत पुरता बदलतो. त्यामुळे प्रायमर लावलेल्या कॅनव्हासला मी आदल्या आठवड्यातच पातळ बर्न्ट सिएनाचा हात देऊन ठेवतो, म्हणजे पांढऱ्याची चकाकी डोळ्यांना फसवत नाही. जागेवर पोहोचल्यावर आधी सावल्यांचे चार-पाच मोठे आकार मांडून घ्यावेत, आणि नंतर सूर्य कितीही सरकला तरी त्या सावल्या हलवू नयेत. तपशील शेवटी येतो; तटबंदीचे दगड मोजत बसण्यापेक्षा डोंगराच्या तासलेल्या कड्याचा एकच सपाट, ठाम पट्टा अधिक खरा वाटतो. यासाठी डुकराच्या केसांचे दोन रुंद फ्लॅट ब्रश, एक फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचा चपटा ब्रश, आणि एक पॅलेट नाईफ, म्हणजे रंगाची बोथट सुरी, पुरेसे आहेत.

वावटळ आली आणि ओल्या रंगावर धूळ बसली, तर ती लगेच पुसू नये. रंग वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने ती झाडून टाकावी. घरी परतल्यावर जवसतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकणे मात्र खरोखर धोक्याचे आहे, कारण तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मी त्या बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवतो, आणि वेळ नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावतो.