एजंटला टूल समजावताना झालेली फजिती

गेल्या महिन्यात ऑफिसच्या बिलांसाठी एक छोटं टूल एजंटला, म्हणजे स्वतःच टूल्स वापरून कामं करणाऱ्या एआयला, जोडलं, एमसीपी वापरून, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडायचं ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने काढलेलं प्रोटोकॉल. वर्णनात मी काय लिहिलं? "बिलं शोधतो." बस्स! आणि वर तारीख नावाचं एक पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती), टाइप स्ट्रिंग, म्हणजे कुठलाही मजकूर चालेल.

मग काय, ५ जूनची बिलं मागितली तर पठ्ठ्याने ०५/०६ पाठवलं, माझ्या कोडने ते ६ मे धरलं, आणि एरर वगैरे काही नाही, चुकीची बिलं आरामात समोर! अर्धा दिवस मी मॉडेललाच शिव्या घालत बसलो, चूक माझीच होती.

माणूस कसा, अडला की शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो "अरे हे काय आहे रे". एजंटला दिसतं फक्त टूलचं नाव, वर्णन आणि स्कीमा (कुठली माहिती कुठल्या प्रकारात द्यायची त्याचा आराखडा), तुमचा कोड त्याला दिसत नाही.

आता वर्णनात सरळ लिहिलंय, तारीख २०२५-०६-०५ अशीच द्या, भरलेली बिलं यात येत नाहीत, त्यासाठी दुसरं टूल वापरा. हे "कधी वापरू नये" वालं वाक्य तर मी आधी कधीच लिहीत नव्हतो, आणि खरा फरक त्यानेच पडला. बिलाच्या स्टेटसला एनम लावला, म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकीच एक निवडायचा. एररमध्येही नुसतं ४०० (चुकीच्या विनंतीचा एरर कोड) न देता काय चुकलं आणि काय पाठवायचं ते लिहिलं, तर एजंट स्वतःच सुधारून परत कॉल करतो.

गंमत म्हणजे टीममधली नवीन मुलगी पण आता तेच वर्णन वाचून काम करते, मला विचारायला येतच नाही.