आबाजींची गरी

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या आमच्या पट्ट्यात गरीची, म्हणजे मासे धरायच्या गळाची, काठी कोणी दुरुस्तीला देत नाही. मोडली की बांबूच्या बेटातून दुसरी तोडायची, तंगूस म्हणजे गळाची दोरी बांधायची आणि तलावाची पाळ गाठायची. मी बुरडकाम करतो, सुपं-टोपल्या विणतो. गेल्या डिसेंबरात ढीवर मोहल्ल्यातली, मासेमारांच्या वस्तीतली, एक पोरगी जुन्या धोतरात गुंडाळलेली काठी घेऊन आली, तेव्हा मीही म्हटलं, नवीच करून देतो.

"नवी नको जी काका. आबाजींची आहे. संक्रांतीला बाबांना द्यायची आहे, त्यांना सांगू नका."

धोतर सोडलं. मानवेल जातीच्या बांबूची भरीव काठी, नऊ फूट, दोन तुकड्यांत, मध्ये पितळेची नळी. मानवेल आपल्या जंगलात भरपूर, पण इतका सरळ आणि जवळजवळ पेरांचा मिळायला रानात दिवस घालवावा लागतो. मोठा रोहू लागला की पोकळ बांबू पेरावर चिरतो. मानवेल कमानीसारखा वाकून परत येतो. आबाजींनी ही काठी केली तेव्हा तलाव अजून मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे होते, म्हणजे 1951 च्या आधी. निवडणाऱ्याला बांबू कळत होता, हे हातात घेताच समजलं.

शेंडा मात्र हातभर घुणाने खाल्लेला. टोचलं की पिठी गळायची. बांबूतलं पिठूळ सत्त्व हेच घुणाचं खाणं. म्हणून आम्ही पावसाळा सरल्यावर तोडतो आणि पाण्यात भिजत घालतो. माझ्याकडे चुलीवरच्या धुरात चार वर्षं ठेवलेला मानवेलाचा एक बारीक तुकडा होता. तो याच कामासाठी राहिला होता की काय, असं वाटलं.

नळी हलेना. ओढली असती तर काठी फाटली असती. विळ्याच्या मुठीसारखी ती लाखेवर बसवलेली असणार, असा अंदाज केला आणि उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळत राहिलो. तिसऱ्या फडक्याला लाख सुटली. मग नवा-जुना बांबू चार बोटं तिरका तासून एकावर एक बसवला, वरून आंधळगावच्या कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, धागा ताणून गुंडाळला आणि लाखेचं पॉलिश दिलं. नायलॉनचा धागा स्वस्त पडला असता, पण या काठीवर तो घालावासा वाटला नाही. थोडा बाक होता, तो निखाऱ्यावर शेकून काढला. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन.

चूक मुठीपाशी झाली. काळवंडलेली मूठ साफ करावी म्हणून पॉलिशपेपर फिरवत होतो, आणि बोटाखाली खळगा लागला. उथळ, लांबट, एका बाजूने गुळगुळीत. आधी वाटलं बांबूचाच दोष आहे, पेपर आणखी दोनदा फिरवला. मग काठी पाण्यावर धरतात तशी धरून पाहिली. माझा अंगठा बरोबर तिथं बसला. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि दाबाने झालेली जागा मी अर्धी घासून टाकली होती. पेपर ठेवला आणि त्या दिवशी दुसऱ्या कामाला हात लावला नाही.

पोरगी न्यायला आली तेव्हा तिला सगळं दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हीच चला काका, बाबांना तुम्हीच सांगा."

संक्रांतीला सकाळी गेलो. तिच्या बाबांनी धोतर ओळखलं, काठी नंतर पाहिली. जोड दिला, झटका देऊन शेंड्याचा लवका पाहिला. मग मूठ धरली. अंगठा त्या जागी गेला, पुढे-मागे झाला, थांबला.

"इथं घासलं का जी?"

"हाव, माझ्या हातून झालं. कळलं तेव्हा उशीर झाला होता."

ते बराच वेळ अंगठा तिथंच ठेवून उभे होते. "अर्धा आहे," ते म्हणाले. पुन्हा एकदा चाचपलं. "पन आहे."

मग पोरीला हाक मारली, "पाळीखालच्या ओलीतून गांडुळं काढून आन. मरळीला जाऊ."