आगळ, बर्फ आणि जेमतेम एक ग्रॅम

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला आणि मला आधी आठवला तो प्रयोगशाळेतला मासळीचा वास.

आम्ही आठवीत होतो. ऑक्टोबरचा उकाडा, सदरे पाठीला चिकटलेले. विज्ञानाच्या सरांना प्रयोगासाठी बर्फ हवा होता. रत्नागिरीत तेव्हा आम्हा पोरांना ठाऊक असलेला बर्फ म्हणजे मिरकरवाड्याचा, बोटींवर मासळी टिकवायला नेतात तो. बंदरावर राहणाऱ्या आमच्यातल्याच एकाने लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. शाळेत पोचेपर्यंत निम्मा वितळला आणि उरलेल्याला बांगड्याचा वास. सरबताची आशा तिथेच संपली.

सरांनी चंचुपात्रात पाणी आणि बर्फाचे खडे घातले, पात्र बाहेरून कोरडं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. आधी काच नुसती धुरकट झाली. मग टाचणीच्या डोक्याएवढे थेंब धरले, ते एकमेकांत मिसळून जड झाले आणि एक ओघळ सरळ खाली टेबलावर आला.

"हे पाणी कुठून आलं?"

"पाझरलं, सर. आमच्या माठासारखं," मी म्हणालो. वर्ग हसला, सर नाही हसले.

"माठाचं तुझं बरोबर आहे. आता काचेचं बघू." त्यांनी दुसऱ्या पात्रात आगळ, म्हणजे कोकमाचा रस, ओतून बर्फ टाकला. आत लालभडक, बाहेरचे थेंब मात्र निवळशंख. खरं तर मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण म्हटलं, "रंग आतच गाळला जात असेल."

एवढा वाकडा मुद्दा मला तेव्हा कसा सुचला, देव जाणे. सरांनी मात्र कपाटातला तराजू आणि वजनपेटी काढली. पाणी आतलंच बाहेर आलं असेल तर वजन तेवढंच राहील. बाहेरून आलं असेल तर वाढेल. पात्र पुसून वजन केलं, आकडा फळ्यावर लिहिला आणि वीस मिनिटं वाट पाहायची ठरली.

तेवढ्या वेळात सरांनी गणित मांडलं. 30 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 5 अंशांना मावते जेमतेम 7 ग्रॅम. काचेला टेकलेली हवा गार झाली की जास्तीची वाफ तिला सोडून द्यावीच लागते. मग वर्गाची लांबी, रुंदी, उंची पावलांनी मोजायला लावली. आमच्या भोवतीच्या हवेत तीन लिटरांच्या वर पाणी होतं! घामाने चिंब पोरांना ते लगेच पटलं.

वजन पुन्हा केलं. एक ग्रॅमला थोडं कमी, पण वाढलेलं. सर मला काही बोलले नाहीत. "तूच लिही," म्हणून खडू हातात दिला.

पुढे आयटीआय करून मी उमेदवारीला नागपूरला गेलो. तिथे मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील एवढं गार, आणि त्याच पाण्याने भरलेला स्टीलचा पेला बाहेरून ठणठणीत कोरडा. हवा इतकी सुकी, की त्या पाण्याच्या गारव्याने तिच्यातून थेंब निघत नाही. उलट माठावरची ओल मात्र ती भराभर उडवते. आपल्याकडे उलटं. हवा आधीच भरलेली, म्हणून माठ पाझरूनही पाणी कोमटच, आणि सरबताचा पेला मात्र टेबलावर तळं करतो.

शिवाय हे थेंब सरबत गरम करतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती सगळी आत गेली तर सातेक ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणून मी घरी पेल्याला कापड गुंडाळतो. बायको हसते.

आता माझा एसी दुरुस्तीचा धंदा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी निम्मे फोन एकाच तक्रारीचे: पाइप गळतोय. तांब्याच्या गार नळीवरचं काळं वेष्टण कुठे तरी फाटलेलं असतं, तिथे नळीला घाम येतो, सीलिंगवर पिवळा डाग पडतो. परवा एका आजोबांना सांगितलं, "आजोबा, या नळीत पाणी नसतंच. नुसता गॅस."

ते डागाकडे बघत म्हणाले, "मग हे काय मी ओतलं?"

मी शिडीवर, हातात चिकटपट्टी. तराजू काही जवळ नव्हता.

– माजी विद्यार्थी, दहावी, मार्च 1989