तुम्ही विचारलंत म्हणून: टॅक्सी असताना माथेरानच्या गाडीत का बसायचं?

मी माथेरानच्या पायथ्याच्या नेरळची म्हटलं की प्रश्न ठरलेला. "टॅक्सी अर्ध्या तासात दस्तुरीला, म्हणजे मोटारी थांबतात त्या नाक्याला, सोडते. मग त्या छोट्या आगगाडीत पावणेतीन तास कशाला घालवायचे?" दर वेळी घाईत काहीतरी सांगते आणि मग रुखरुख लागते. आज नीट सांगते.

टॅक्सीतून तुम्ही डोंगरावर पोहोचता. गाडीतून डोंगर कसा चढला ते दिसतं, आणि माझ्यासाठी माथेरानचं खरं बघणं तिथेच आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आणलं. (ठाकर आणि कातकरी लोकांना या वाटा आधीपासून पायाखालच्या होत्या, हे सांगायचं राहून जातं.) पुढची पन्नासेक वर्षं वर जायचं तर घोडा, पालखी नाहीतर पाय. मग मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी रेल्वेसाठी पैसा उभा केला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं. 1904 ला सुरुवात, आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी सुरू. खर्च सोळा लाख रुपये.

रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, लांबी एकवीस किलोमीटरच्या आसपास. काही ठिकाणी वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ, तोही चढावर चाक धरून ठेवणाऱ्या दातेरी रुळाशिवाय. डोंगर फोडत बसण्यापेक्षा त्याच्या अंगाअंगाने रूळ नेले, म्हणून एवढ्या घाटात बोगदा एकच, तो 'वन किस टनेल'. चुटकीसरशी संपतो. पण वळणं इतकी आवळलेली की साधं इंजिन तिथे अडलंच असतं. बार्शी लाईट रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी त्यासाठी इंजिनाचा आराखडा केला, जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलने तशी चार इंजिनं बनवली. त्यांचे पुढचे-मागचे आस, म्हणजे चाकं जोडणारे दांडे, वळणाबरोबर थोडे सरकायचे. वळणावर खिडकीतून पुढचा डबा जवळजवळ समोर येतो, तेव्हा मला हा सरकता आस आठवतो.

माझ्या लहानपणी डब्यांवर ब्रेकवाले असत. उतारावर चाक फिरवून हाताने ब्रेक लावायचे. त्यांचे हात बघत मी नेरळला उतरायचे.

ही गाडी सुखाने चालली असंही नाही. 26 जुलै 2005 च्या पावसाने रूळ वाहून गेले, ती पुन्हा धावली 2007 मध्ये. 2016 ला डबे घसरले, पुन्हा बंद. 2019 च्या पावसाने परत घाट खचला आणि नेरळहून वर जाणारी गाडी सुरू व्हायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. त्या तीन वर्षांत गाव मुकं वाटायचं. पावसाळ्यात घाटातली गाडी आजही थांबते, तेव्हा दस्तुरीजवळच्या अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल असते.

जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज करत गाडी गावातच नेऊन सोडते. तिथून पुढे पाय. मोटारींना बंदी असल्यामुळे तांबड्या मातीचे रस्ते अजून मुख्यतः माणसांचे आणि घोड्यांचे आहेत. पॅनोरमा पॉईंटवरून खाली नेरळ दिसतं, लुईझा पॉईंटवरून प्रबळगड. दोन्ही बघाच, पण सगळे पॉईंट एका दिवसात उरकू नका. शार्लोट तलावाशी पिसारनाथाचं देऊळ आहे, तिथे निवांत बसा.

आणि भाई कोतवालांची आठवण ठेवा. विठ्ठलराव कोतवाल माथेरानचे, नाभिक कुटुंबातले. वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. 1942 च्या लढ्यात त्यांच्या 'आझाद दस्ता' या भूमिगत गटाने विजेचे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले, अवघ्या तिशीत. चिक्की-चपला घेऊन परतणाऱ्या दहा जणांत एकाला तरी हे नाव माहीत असावं, असं मला फार वाटतं.

तेव्हा टॅक्सी परतीला घ्या हवी तर. जाताना मात्र सकाळी लवकर नेरळला या, गाड्या मोजक्याच असतात. तिकीट मिळालं की खिडकी धरा.